‘पोट’ या जागी ‘गर्भाशय’ असे वाचावे

लगागा लगागा लगागा, आणि मग काहीच नाही.

हा आवाज चाळीसेक वर्षे माझ्या कानात आहे, म्हणून या कागदाची सुरुवात त्यानेच करतो. वकिलांना चालत नसेल तर त्यांनी हा परिच्छेद गाळून वाचावा. माझी पत्नी आतल्या खोलीत पायाच्या मशीनवर शाळेची कापडी दप्तरे शिवत असे आणि मी पुढच्या खोलीत छापखान्यातून आणलेली मुद्रिते तपासत बसे. तिचे मशीन भुजंगप्रयातात चाले. गुरुजींनी बाकावर ठेका धरून शिकवलेले ते वृत्त: लगागा चार वेळा म्हटले की ओळ पुरी होते. तिची ओळ मात्र तिसऱ्यावर थांबे. चौथ्या जागी शांतता. मला ती शांतता फार गोड वाटे. एकदा म्हणालोही तिला, की तुझ्या मशीनला यती कळतो. यती म्हणजे कवितेच्या ओळीत श्वास घ्यायला थांबण्याची जागा. ती हसली. ती श्वास घ्यायलाच थांबत होती, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून. हे मला ती गेल्यावर कळले.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी छापखान्यात जुळारी व सध्या खिडकीशी बसणे, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, स्मरण गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे, आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट, लिहू नका असे दोघांनी सांगितले आहे. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र, ज्यात सर्व काही मुलाला दिले होते, ते याने रद्द समजावे. ते मी रीत म्हणून लिहिले होते. हे रागाने लिहितो आहे, पण शुद्धीत.

कलम एक. राहते घर, म्हणजे पुढची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर आणि जिन्याखालची अडगळ, माझ्या पश्चात माझ्या सुनेच्या एकटीच्या नावावर व्हावे. मुलाने यावर तोंड वाकडे करू नये. हे घर त्याच्या आईच्या कष्टांवर उभे राहिले, माझ्या पगारावर फक्त टिकले, आणि त्या बाईचे नाव या घराच्या एकाही कागदावर नाही. पाण्याच्या बिलावरसुद्धा नाही. ही चूक दुसऱ्या पिढीत व्हायला नको. मुलाला येथे राहायला कोणी मना करणार नाही. त्याने बायकोशी नीट वागावे म्हणजे झाले. त्याच्यावर माझा राग आहे, पण त्यासाठी वेगळे कलम आहे.

कलम दोन. शिलाईचे मशीन सुनेचेच आहे. तिने त्याचा पट्टा बदलला, तेलपाणी केले, आणि त्यावर ती दुकानांसाठी पडदे आणि अभ्रे शिवते. कागदावर असावे म्हणून फक्त लिहितो. पण या मशीनविषयी आणखी एक गोष्ट लिहायची आहे आणि या मृत्युपत्राचे कारण तीच आहे. गेल्या वर्षापासून ते पुन्हा तिसऱ्या लगागावर थांबू लागले आहे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी, म्हातारा खुळा, खुर्चीत डोळे मिटून हसलो. वाटले, तीच परत आली. मग डोळे उघडले. या वेळी त्या शांततेचा अर्थ मला ठाऊक होता. काठी टेकत आत गेलो. सून टेबलाची कड धरून, कपाळ मशीनच्या चाकाला टेकवून बसली होती. मला पाहून म्हणाली, "काही नाही आबा, पोट दुखतंय जरा."

पोट. हा शब्द या घरात मी आणला आहे. कसा, ते चौथ्या कलमात सांगतो.

कलम तीन. माळ्यावर एका खोक्यात काचेच्या रिकाम्या बाटल्या आहेत. नाक्यावरच्या डॉक्टरांनी माझ्या पत्नीला सहा वर्षे जे पांढरे पातळ औषध दिले, त्याच्या या बाटल्या. पोटातल्या जळजळीचे औषध. ती बाटल्या धुऊन त्यांत गुंड्या, हूक आणि खडूचे तुकडे ठेवी. टाकून देणे तिच्या स्वभावात नव्हते. ते डॉक्टर वारले, आता दवाखाना त्यांचा मुलगा चालवतो. यातली एक बाटली त्याला द्यावी, बाकीच्या गुंड्यांसकट सुनेला. त्या मुलाविरुद्ध माझी तक्रार नाही, तो तेव्हा शाळेत होता. त्याने ती बाटली टेबलावर ठेवावी आणि समोर बाई बसली की एक प्रश्न तिलाच विचारावा: पाळी कशी आहे. त्याच्या वडिलांनी सहा वर्षांत तो विचारला नाही. ते विचारत भूक कशी आहे, झोप लागते का, आणि विचारत ते मला. मीही उत्तरे देत असे. भूक बरी आहे, झोप लागते. दुखणे तिचे, प्रश्न मला, उत्तर माझे, औषध तिला. पहिल्या दिवशी ती एक वाक्य बोलली होती, तेवढेच. त्यानंतर तिने फक्त जीभ दाखवली, तीही डॉक्टर म्हणाले म्हणून.

कलम चार. जुळारी म्हणजे काय हे आता सांगावे लागते. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक उलटे अक्षर, खणातून उचलून ओळी जुळवणारा माणूस. आमच्या छापखान्यात शाळेची क्रमिक पुस्तके निघत. तिसरी ते सातवीच्या सगळ्या कविता मला तोंडाने आणि बोटांनीही पाठ होत्या, त्यामुळे शब्दांच्या बाबतीत माझ्या डोक्यात जरा हवा होती.

सदतीस वर्षांपूर्वी एक परिचारिका हाताने लिहिलेले दोन कागद घेऊन आली. बायकांना वाटायचे पत्रक होते. ठसठशीत अक्षर, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. त्यात गर्भाशय हा शब्द नऊ वेळा आणि मासिक पाळी हा पाच वेळा आला होता. मालकांनी वाचले आणि दोन बोटांनी कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "आपल्याकडे हेडमास्तर येतात. टेबलावर हे असलं पडलेलं बरं दिसतं का? बघा जरा, सोज्वळ करा."

मी सोज्वळ केले. नऊ ठिकाणी गर्भाशय काढून पोट घातले, पाच ठिकाणी पाळी काढून अडचण घातली. ‘पाळीत फार रक्त जात असेल तर’ याचे ‘अडचण फार होत असेल तर’ असे झाले. रक्त कुठे गेले ते कोणी विचारले नाही. ओटीपोटातली ओटी उडवली. शेवटी कोणी न सांगता दोन ओळींचे यमक जोडून दिले आणि स्वतःवर खूश झालो. परिचारिका गठ्ठा न्यायला आली, तिने उभ्या उभ्या वाचले आणि विचारले, "भाऊ, यात बाई कुठंय?" मला वाटले चित्राविषयी बोलते आहे. मी म्हणालो, चित्राचा ब्लॉक वेळेत मिळाला नाही.

पुढच्या आठवड्यात एक गृहस्थ ते पत्रक घेऊन छापखान्यात आले. विचारू लागले, ही अडचण म्हणजे जागेची की पाण्याची, आणि अर्ज कुठे द्यायचा. ते गेल्यावर आम्ही सगळे पोट धरून हसलो. पोट धरून. हे मी जाणूनबुजून लिहितो आहे.

पाठकोऱ्या कागदांचा उपयोग होतो म्हणून थोडी पत्रके मी घरी आणली होती. पत्नीला हाती लागेल ते वाचायची सवय. ती गेल्यावर मशीनच्या खणात त्यांतले एक सापडले, चार घड्या घातलेले. एका ओळीखाली शिलाईच्या निळ्या खडूने रेघ ओढली होती: ‘पोट सतत जड वाटत असल्यास संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे.’ तिने संकोच केला नाही. पत्रकाने सांगितले तसेच केले. डॉक्टरांपुढे जाऊन म्हणाली, पोट जड वाटतं. डॉक्टरांनी पोटाचे औषध दिले. ती कुठेही चुकली नाही. चूक छपाईची होती.

सत्तेचाळिसाव्या वर्षी, दप्तरांचा गठ्ठा दुकानात पोचवून परत येताना, ती एका पायरीवर बसली ती उठली नाही. मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या ओटीपोटावर हात ठेवला. नुसता हात; सहा वर्षांत कोणा डॉक्टराचा पहिला. मग मला विचारले, "किती वर्षं रक्त जातंय?" मी म्हणालो, "कसलं रक्त?" त्या बाईंनी माझ्याकडे जसे पाहिले तसे आजवर कोणी पाहिलेले नाही, आणि खरे तर सगळ्यांनीच पाहायला हवे होते. असायला हवे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही रक्त तिच्या अंगात उरले नव्हते. बाहेरून रक्त द्यायला घेतले, पण वर्षानुवर्षे पातळ रक्त ओढून हृदय दमले होते. दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साध्या गाठी होत्या हो. कॅन्सर नव्हता. गाठींनी नाही गेल्या त्या. कुणी न विचारल्यानं गेल्या."

आणि वर्तमानपत्रात द्यायची निधनवार्ता मीच लिहिली, काळ्या चौकटीसकट. ‘अल्पशा आजाराने.’ सहा वर्षे मी एका शब्दात अल्पशी केली. हात सवयीने चालला.

म्हणून बँकेत माझी जी काही शिल्लक असेल ती सर्व पुढील शुद्धिपत्र छापून वाटण्यासाठी वापरावी. हे काम माझा मित्र बाइंडर पाहील. एक शब्दही बदलू नये, सोज्वळ तर मुळीच करू नये. ते बायकांना द्यावेच, पण केस कापायच्या दुकानांत, गॅरेजांत, कारखान्यांच्या फाटकांवरही ठेवावे, कारण घरोघरी उत्तरे तिथलीच मंडळी देतात.

‘शुद्धिपत्र. सदतीस वर्षांपूर्वी वाटलेल्या पत्रकात चौदा चुका आहेत. पोट या जागी गर्भाशय असे वाचावे. अडचण या जागी मासिक पाळी असे वाचावे. शेवटचे यमक वाचू नये. गर्भाशय म्हणजे बाईच्या ओटीपोटातला, मूल वाढते तो अवयव. त्यात मांसल गाठी होऊ शकतात. त्यांना डॉक्टर फायब्रॉइड म्हणतात. त्या पुष्कळ बायकांना होतात, कित्येकींना कळतही नाहीत, आणि बहुतेक सगळ्या कॅन्सरच्या नसतात. पण पाळी आठवडा उलटून चालत असेल, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, रक्ताच्या गुठळ्या पडत असतील, ओटीपोट किंवा कंबर जड होऊन दुखत असेल, सारखे लघवीला जावे लागत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर ते बाईपण नव्हे. तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपाय आहे. सोनोग्राफीत गाठी दिसतात. रक्तही तपासून घ्यावे. उपाय एकच नसतो. कुणाला नुसते लक्ष ठेवणे पुरते, कुणाला औषध, कुणाची फक्त गाठ काढता येते, कुणाचे गर्भाशय काढावे लागते. आपल्याला कोणता, ते बाईने डॉक्टरांना सगळे विचारून ठरवावे. नवऱ्याने सोबत जावे आणि गप्प बसावे.’

कलम पाच. थोरल्या नातीला, वय तेरा, माझा शब्दकोश आणि सुतळीने बांधलेला एक शब्द. छापखाना बंद झाला आणि शिसे वितळवायला निघाले, तेव्हा मी चार खिळे मागून घेतले: ग, र्भा, श, य. ते जुळवून, बांधून, टेबलाच्या वरच्या खणात ठेवले आहेत. नातीने ते निरखून पाहावेत. ग, श आणि य झिजलेले आहेत. ते सगळ्यांच्या उपयोगी पडत. पण र्भा हा जोडखिळा कोरा आहे, कड बोटाला लागेल इतका. छत्तीस वर्षे तो माझ्या हाताखाली होता आणि मी त्याला खणातून फारसा उचललाच नाही. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, आरशापुढे धरले की सुलटे दिसते. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातला या विषयाचा धडा बाईंनी ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला आणि घरी तो ‘शाळेत शिकवतील’ म्हणून राहिला. या दोन वाक्यांच्या मधल्या बोळात माझी बायको मेली. नातीने तो धडा माझ्यापुढे बसून मोठ्याने वाचला, तीन कठीण शब्दांचे अर्थ मला विचारले, आणि त्यांतले दोन मला आले नाहीत. म्हणून शब्दकोश.

कलम सहा. मुलाला माझे मनगटी घड्याळ आणि माझा राग.

मी त्याला विचारले, बायकोला डॉक्टरकडे नेलंस का. मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "आबा, तो बायकांचा विषय आहे. तुम्ही कशाला त्यात पडताय, आणि लिहायचं तर मुळीच नाही." हा मुलगा ज्या बाईच्या पोटी, चुकलो, गर्भाशयात वाढला, ती याच विषयाने मेली. तो वाईट नाही. तो माझ्यासारखा आहे, तेच मला सहन होत नाही.

मग मी या कागदात अट घातली: सून स्वतःची नीट तपासणी करून घेईल तरच घर तिचे. अट मला फार हुशारीची वाटली. बाइंडरला वाचून दाखवली. बाइंडर म्हणजे छापखान्यात तीस वर्षे माझ्या शेजारी बसून पुस्तके शिवलेला माणूस. दिवसाला दहा वाक्ये बोलतो, त्यांतली आठ जेवणाविषयी. तो म्हणाला, "मास्तर, हा कागद तुम्ही मेल्यावर उघडायचा. तिचं रक्त आज जातंय. आत जाऊन बोला की."

लहानपणी वर्गात उभे राहून कविता म्हणायला मला कधी भीती वाटली नाही. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर मात्र मी काठीची मूठ दोनदा पुसली. शेवटी म्हणालो, "सूनबाई, पोट नाही. गर्भाशय."

ती दचकली, मग ओठ दाबून हसली, मग तिने कात्री खाली ठेवली. "आबा, हा शब्द या घरात मी पहिल्यांदा ऐकला," म्हणाली, "आणि ऐकला तो तुमच्या तोंडून." मग तिने सांगितले. मी मध्ये एकही उत्तर दिले नाही. चौदा महिने चालले आहे. दहा-दहा दिवस. खुर्चीवर जुना टॉवेल घालून शिवायला बसते. कपडे गडद रंगाचेच घेते. बाहेर पडायचे तर वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून रस्ता ठरवते. एकदा एकटीच एका डॉक्टरकडे जाऊन आली. सोनोग्राफीत गाठी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाकू, दोन मुली झाल्या ना, मग काम झालं तिचं.

पिशवी. माझ्या बायकोने आयुष्यभर पिशव्या आणि दप्तरे शिवली. पिशवी म्हणजे काय हे या घराला कोणी शिकवू नये. पिशवी रिकामी झाली की खुंटीला टांगतात आणि फाटली की फेकतात. बाईच्या शरीरातला अवयव खुंटीला टांगलेला नसतो. काढावा लागेलही, मी काही डॉक्टर नाही. पण काढण्याआधी त्याचे नाव तरी धड घ्यावे, आणि ज्या बाईचा आहे तिला विचारावे. सुनेने विचारले, नुसत्या गाठी काढता येत नाहीत का. तर उत्तर मिळाले, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो. मिस्टर गेले नाहीत. मिस्टरांना सुट्टी नाही, आणि मिस्टर म्हणतात मुलींच्या परीक्षा होऊन जाऊ देत. म्हणजे आता तिच्या रक्तालाही शाळेचे वेळापत्रक.

मोठ्या दवाखान्यात एक अनुभवी डॉक्टरीणबाई दर मंगळवारी बसतात. त्यांना दाखवावे असे सुनेच्या मनात आहे, पण चक्कर येते, एकटी जायला धजत नाही. मी येतो म्हणालो. ती म्हणाली, "आबा, तुम्हाला आपला जिना उतरवत नाही. वाटेत मी तुम्हाला धरू की तुम्ही मला?" खरेच होते. बाइंडरला तर दिसतच नाही धड. असे तीन मंगळवार गेले. अट मी खोडली आहे. कलम एक बिनशर्त समजावे. पण कागदावर खोडून काय होते, मंगळवार जातच आहेत.

कलम सात. माझी थोरली बहीण आक्का, वय चौऱ्याऐंशी, हिला काही देत नाही.

आक्का त्या काळी आमच्याकडे राही. माझी पत्नी मला जे बोलली नाही ते आक्कापाशी बोलली होती. हे आक्कानेच मला सांगितले, पत्नी गेली त्या दिवशी, रडत रडत. म्हणाली, "मीच तिला म्हटलं होतं, बाईच्या जन्माला हे असायचंच, बोभाटा करू नकोस." मी त्याच संध्याकाळी तिची ट्रंक उचलून दाराबाहेर ठेवली. त्याला एकतीस वर्षे झाली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलीकडे असते. ना ती आली, ना मी गेलो.

लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात येते. बोभाटा करू नकोस हे आक्काने एकदा, एका कानात सांगितले. मी तेच शिशात जुळवून त्याच्या चार हजार प्रती काढल्या. मग ट्रंक तिचीच का बाहेर गेली? तरी राग जात नाही. तो तिच्या नावे लिहून ठेवतो.

मेल्यावर भांडण उकरणे हा भ्याडपणा, म्हणून या कलमाची आणि आधीच्या कलमाची नक्कल मी गेल्या आठवड्यात आक्काला टपालाने पाठवली आहे. सुनेला विचारूनच. ती म्हणाली, पाठवा आबा, लपवून आजवर काय उजेड पडला. उत्तर येणार नाही हे मला ठाऊक आहे. आमच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या टिकलेला दागिना एकच, रुसवा.

कलम आठ. माझा चष्मा, मुद्रिते तपासायची लाल पेन्सिल आणि कवितांची सर्व पुस्तके बाइंडरला. त्या कविता मी अजून संध्याकाळी एकट्याने म्हणतो. त्यांत आई आहे, माया आहे, आईचे हात आहेत, आईचे डोळे आहेत. आईच्या अंगात रक्त असते असे एकीतही नाही. याबद्दल कवींवर माझा राग आहे. पुस्तके मात्र उत्तम बांधलेली आहेत. ती बाइंडरनेच बांधली आहेत.

कलम नऊ. माझ्या निधनाची बातमी द्यायची झाल्यास कशाने गेलो ते स्पष्ट लिहावे. ‘अल्पशा’ हा शब्द वापरल्यास मी वर येऊन खोडीन.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, दोनदा वाचले, दोन ठिकाणी खोडले. खाडाखोड माझीच आहे.

सही: जुळारी, मृत्युपत्र करणार.

साक्षीदार पहिला: बाइंडर. (सही केली आहे. जरा वर गेली आहे, त्याला ओळ दिसली नाही.)

साक्षीदार दुसरा: जागा रिकामी. येथे कोपऱ्यावरचे औषधवाले सही करणार होते. काल त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, आजोबा, बाकी ठीक आहे, पण ते शब्द लिहू नका, नुसतं आजार म्हणा, लगेच सही करतो. मी विचारले, दुकानात तुम्ही पॅड कागदात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून देता, तसं मृत्युपत्रही देऊ का. ते घाईत आहेत म्हणाले.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल.

दिनांक: नऊ, वार मंगळवार, वेळ सकाळचे सव्वानऊ.

वार लिहून पेनाला टोपण लावत होतो, तोच दार वाजले. बाइंडरने उघडले आणि तो नुसताच बाजूला झाला.

दारात आक्का होती. कमरेत वाकलेली, एका हातात काठी, खांद्याला जाड खाकी कापडाची पिशवी. पिशवीच्या पट्ट्यावर दुहेरी उलटी टीप; ती टीप या शहरात एकच बाई घालत असे. जिना चढून आल्यामुळे आक्काला बोलवत नव्हते. मीही उठलो नाही. गुडघे, आणि आणखीही काही.

"पत्र मिळालं," ती शेवटी म्हणाली. "शुद्धलेखन अजून चांगलं आहे तुझं." पुन्हा दम घेतला. "मी तिला जे सांगितलं ना, ते मला आपल्या आईनं सांगितलं होतं. मलाही दहा-दहा दिवस जायचं. मी वाचले, तर वाटलं सगळ्याच वाचतात."

बाइंडरने खुर्ची पुढे केली. तिने ती काठीने बाजूला सारली. "बसायला नाही आले. टॅक्सी खाली उभी आहे. मंगळवार ना आज?"

मी हा कागद तिच्याकडे सरकवला आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवले.

"सही परत आल्यावर," ती म्हणाली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून, या घरात तिने कधी काढला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, "सूनबाई, चल. गर्भाशय दाखवून येऊ."

आतले मशीन चालू होते. लगागा लगागा लगागा.

चौथ्या जागी खुर्ची सरकली.